विनयची झोप

अमेरिकेत, मिशिगनमधल्या ट्रॉय शहरातल्या एका मोठ्या चौकात, सिग्नलला थांबलेल्या गाडीत विनय झोपला. पाय ब्रेकवर, हात स्टिअरिंगवर. सिग्नल हिरवा झाला, पुन्हा लाल झाला, तरी हा गाढ. मागच्यांनी आधी वाट पाहिली, मग हॉर्न दिले, शेवटी एका बाईनं उतरून काचेवर टकटक केलं. पोलिसानं मला हे सगळं फोनवर सावकाश सांगितलं आणि विचारलं, तुमचा नवरा दारू पितो का. मी म्हटलं, नाही, तो फक्त झोपतो.

हे मी चिडून म्हटलं होतं. दोन वर्षं मी विनयच्या झोपेवर चिडलेली होते.

आमच्या ओळखीच्या लोकांत त्याची झोप हा चेष्टेचा विषय होता. चौदा एप्रिलची जयंती आम्ही एका शाळेचा हॉल भाड्यानं घेऊन करायचो. गेल्या वर्षी विनय पहिल्या रांगेत बसला आणि भाषण सुरू होताच घोरायला लागला. माईकवर त्याच्याच कंपनीतला श्रीरंग होता. तो बोलता बोलता थांबला आणि म्हणाला, "चला यार, निदान बुद्धवंदना तरी जागेपणी झाली याची." हॉल हसला. विनयही दचकून उठला आणि कशाला ते न कळता सगळ्यांबरोबर हसला. मी हसले नाही, कारण ती झोप मी एका वेगळ्या दिवशी पाहिली होती.

आमची मुलगी वेळेच्या फार आधी जन्मली, जानेवारीत. तिच्या काचेच्या पेटीवर गुलाबी कार्ड लावलं होतं, त्यावर लिहिलं होतं 'बेबी गर्ल मेश्राम'. नर्स रोज विचारायची, मी हिला काय नावानं हाक मारू? विनय तिला समजावून सांगायचा. आमच्याकडे पूजाअर्चा काही नाही. बारशाला त्रिसरण आणि पंचशील म्हणतात, खीर करतात. पण नाव आत्यानं ठेवायचं आणि तिनंच ते बाराव्या दिवशी बाळाच्या कानात सांगायचं, एवढं मात्र विनयच्या घरात कुणी सोडलेलं नव्हतं. आत्या म्हणजे विनयची मोठी बहीण शोभनाताई. त्या नागपूरला. त्यांनी नाव ठरवलं होतं, पण आम्हालाही सांगितलं नव्हतं. "बाराव्या दिवशी फोन पोरीच्या कानाला लाव, मीच सांगते," त्या विनयला म्हणाल्या. "आधी कोणाला सांगायचं नसते." नर्सला हे फार आवडलं. पेटीपर्यंत पोचेल अशी फोनची लांब वायर कुठून मिळवायची, तेही तिनं ठरवून ठेवलं.

बाळाला कावीळ होती म्हणून निळ्या दिव्याखाली ठेवलं होतं. डोळ्यांवर पट्ट्या, नाकात नळी, गालांवर ती नळी धरून ठेवणारी चिकटपट्टी. त्या उजेडात तिची कातडी पाकळीसारखी दिसायची, आतल्या शिरांसकट. मी तिला उत्पला म्हणायला लागले. उत्पला म्हणजे निळं कमळ. नाव ठेवायचा मान माझा नव्हता, म्हणून मोठ्यानं म्हणत नसे. विनय कॉफी आणायला गेला की पेटीच्या गोल खिडकीतून हात आत घालायचे, तिच्या तळव्याला बोट लावायचे आणि ओठ न हलवता म्हणायचे.

नवव्या दिवशी ती गेली.

फ्युनरल होममधून आम्ही दुपारी घरी आलो. विनय बूट न काढता सोफ्यावर आडवा झाला आणि घोरायला लागला. बाहेर बर्फ काढणारी गाडी रस्ता खरवडत होती आणि आत हा. मी समोरच्या खुर्चीत, अंगात कोट तसाच ठेवून, अंधार पडेपर्यंत तो आवाज ऐकला. एकदाही मध्ये उठून त्यानं मला विचारलं नाही की तू कुठं आहेस. पुढच्या दिवसांतही तेच. मी रडायला लागले की तो जवळ येऊन बसायचा, पाठीवर हात ठेवायचा, आणि थोड्या वेळानं तो हात जड व्हायचा. मी वळून पाहायचे तर हा बसल्या बसल्या झोपलेला.

त्यातल्याच एका दिवशी मी ठरवलं की उत्पला हे नाव या माणसाला सांगायचं नाही. शोभनाताईंनी त्यांचं नाव शेवटी कुणालाच सांगितलं नाही. बाळच नाही तर आता ते कशाला, असं म्हणून त्या फोनवर रडल्या. कागदोपत्री ती 'बेबी गर्ल मेश्राम' राहिली. म्हणजे तिला खरं नाव एकच होतं आणि ते माझ्यापाशी होतं.

मी शरीरक्रियाशास्त्रात एमएस्सी केलेली. माझ्या व्हिसावर नोकरी करता येत नव्हती. नागपूरच्या माझ्या जुन्या सरांनी पीएचडीसाठी ये म्हणून कळवलं, तेव्हा मी जूनचं एकेरी तिकीट काढलं. विनयला सांगितलं. तो "बरं" म्हणाला. त्यानंतर महिन्याभरात ते सिग्नलचं झालं आणि डॉक्टरांनी त्याची गाडी बंद केली. मिशिगनमध्ये गाडी नाही तर नोकरी नाही. म्हणून रोज सकाळी मी त्याला कंपनीत सोडायला लागले. मनाशी हिशेब साधा ठेवला. याचा उपचार होऊ दे, हा पुन्हा गाडी चालवू दे, मग मी मोकळी. जाताना नाव माझ्याबरोबर जाईल.

स्लीप क्लिनिकमध्ये त्याला वायरी लावून एक रात्र झोपवलं. निकाल सांगायला डॉक्टरीणबाईंनी आम्हाला दोघांनाही बसवलं. झोपेत याच्या घशाचे स्नायू सैल पडतात आणि श्वासाची वाट बंद होते. रक्तातला ऑक्सिजन उतरतो. मेंदू घाबरून त्याला अर्धवट जागं करतो, श्वास सुरू होतो, की पुन्हा तेच, रात्रभर. सकाळी त्याला यातलं काहीही आठवत नाही, फक्त थकवा उरतो.

मी विचारलं, "म्हणजे हा इतकी वर्षं झोपतच नव्हता?"

त्या म्हणाल्या, झोपत होता, पण ती झोप त्याच्या काही कामाची नव्हती.

हे ऐकून मला हलकं वाटायला हवं होतं. उलट, मी जपून ठेवलेली वस्तू कुणी येऊन उचलून नेली, असं झालं. परत येताना गाडीत विनय म्हणाला, "बघ उपासना, मी आळशी नव्हतो."

उपचार म्हणजे एक मशीन. बुटाच्या खोक्यापेक्षा मोठं, छोट्या व्हॅक्यूम क्लीनरसारखा त्याचा आवाज. त्यातून एक जाड नळी निघते, तिच्या टोकाला नाकावर बसणारा मास्क, आणि तो धरून ठेवायला डोक्यामागून पट्ट्या. मशीन नळीतून हवा ढकलत राहतं, त्या दाबानं घसा उघडा राहतो. तत्त्व इतकं सोपं आहे की मला कौतुक वाटलं. पण पहिल्यांदा त्याच्या पट्ट्या बांधून झाल्या आणि मी मागे सरून पाहिलं, तेव्हा नाकावर नळी, गालांवर पट्ट्या, मिटलेले डोळे दिसले, आणि मी पाणी प्यायच्या निमित्तानं खोलीबाहेर गेले.

दिवसा फरक लगेच पडला. तो जेवताना बोलायला लागला. टीव्हीवर बातम्या शेवटपर्यंत पाहिल्या. एका शनिवारी त्यानं आपणहून झुणका केला, मिरची फार घातली आणि मी खोकत असताना हसत राहिला. लग्न झालं तेव्हा तो असा होता, हे मी विसरून गेले होते.

आणि त्याच आठवड्यात त्याचं घाबरून उठणं सुरू झालं.

पहाटे तो एकदम उठून बसायचा. मास्क ओढून काढायचा. मग दोन्ही हातांनी चादर चाचपायचा, उशीखाली, पलंगाच्या कडेला, जणू हातातून काही निसटून पडलंय. मी नाडी पाहिली तर पळत आल्यासारखी. कपाळ ओलं. "काय झालं?" विचारलं की उत्तर ठरलेलं.

"माहीत नाही. काहीतरी राहिलंय."

काय राहिलंय, ते त्याला सांगता यायचं नाही. स्वप्न पडलं का, तर नाही. छातीत दुखतंय का, तर नाही. नुसती भीती, तिला ना चेहरा ना कारण. थोड्या वेळानं ती ओसरायची आणि तो खजील होऊन दात घासायला जायचा. असं रोज व्हायला लागलं तेव्हा तो म्हणाला, "नको हे मशीन. घोरत होतो तेच बरं होतं. निदान भीती तरी नव्हती."

पण मशीन नाही तर गाडी नाही, आणि त्याची गाडी नाही तर माझं जाणं नाही. म्हणून मी कारण शोधायला घेतलं. पद्धत मला एकच येते, एका वेळी एकच गोष्ट बदलायची. आधी संध्याकाळची कॉफी बंद केली. मग त्याच्या सर्दीच्या गोळ्या. मग हीटरची हवा कोरडी असते म्हणून पलंगाशेजारी पाण्याचं पातेलं ठेवलं. मास्क लहान आकाराचा आणला. क्लिनिकला सांगून हवेचा दाब कमी करून घेतला. त्यानं तो पुन्हा घोरायला लागला आणि त्या पहाटे घाबरलाही नाही. दाब पूर्ववत केला, भीती परत आली.

या एका निरीक्षणानं मी अडले. नीट झोपला की घाबरतो. वाईट झोपला की घाबरत नाही.

विनयला कंपनीत सोडून मी विद्यापीठाच्या लायब्ररीत जायला लागले. तिथं मला जे सापडलं ते डॉक्टरीणबाईंना माहीत होतं, पण त्यांना सांगण्यासारखं वाटलं नसावं. झोपेचे टप्पे असतात. त्यातल्या एका टप्प्यात डोळे पापण्यांखाली भराभर फिरतात आणि बहुतेक ठसठशीत स्वप्नं तेव्हाच पडतात. त्याच टप्प्यात शरीराचे स्नायू सगळ्यात जास्त सैल पडतात. म्हणून विनयसारख्या माणसाचा श्वास तिथं हमखास अडतो आणि मेंदू त्याला तिथून बाहेर ओढतो. स्वप्नाच्या दारापर्यंत जायचं आणि मागे फिरायचं, असं वर्षानुवर्षं. मशीन सुरू झालं की ही हुकलेली झोप लोंढ्यानं परत येते. पहिले काही आठवडे हे लोक इतरांपेक्षा किती तरी जास्त स्वप्नं पाहतात.

मी तो जर्नलचा अंक उघडा ठेवून बसून राहिले. बाळ गेल्यापासून या माणसाला एकही स्वप्न पुरतं पडलेलं नसणार, हे त्या लेखात लिहिलेलं नव्हतं. ते माझं मी जोडलं. चूकही असेल. तपासायचं तर एकच मार्ग होता. डोळे फिरत असतानाच माणसाला उठवलं तर त्याला स्वप्न आठवतं. आपोआप जाग येईपर्यंत थांबलं तर बहुतेक वेळा विरून जातं.

रविवारी दुपारी जेवून विनय मास्क लावून झोपला. मशीनची सवय व्हावी म्हणून दिवसाही लावा, असं क्लिनिकनं सांगितलंच होतं. मी पलंगापाशी खुर्ची ओढली. पडद्यातून ऊन येत होतं. बराच वेळ काही नव्हतं, नुसती हवेची सरसर. मग त्याच्या पापण्यांखाली हालचाल सुरू झाली. डावीकडे, उजवीकडे, पुन्हा डावीकडे. तो काहीतरी पाहत होता. मी त्याचा चेहरा याआधी इतक्या जवळून कधी पाहिला होता ते आठवेना. उठवू नये असंही वाटलं. मी त्याच्या खांद्याला हात लावला.

तो उठून बसला. मास्क ओढला, हात चादरीवर गेले. मी ते हात धरले आणि म्हटलं, "थांब. शोधू नकोस. आत्ता काय दिसत होतं ते सांग."

त्याचे ओठ हलले.

"दार बंद आहे. नर्स म्हणते नाव सांगा, मग देते," तो म्हणाला. "मी म्हणतोय, थोडं थांबा, ताई फोन करतेय. ती म्हणते, किती वेळ उभी राहील ती?"

"कोण उभी आहे?"

त्यानं पलंगाच्या कडेजवळ, गादीच्या थोडं वर हात नेला आणि तसाच धरला. दोन वर्षांचं मूल उभं राहिलं तर डोकं जिथं येईल, तिथं.

"काचेपलीकडे. माझ्याकडे पाहतेय. आणि मला नाव येत नाही, उपासना. मी बाप आहे आणि मला नाव येत नाही."

मग तो रडला. मी दोन वर्षं ज्याची वाट पाहिली होती ते हेच. मनात मी ते कितीदा घडवलं होतं आणि दर वेळी त्यात मला मोकळं वाटायचं. प्रत्यक्षात तो माझ्यासमोर दुमडून रडत होता, आणि मला आधी आली ती असूया. ती त्याच्याकडे आली होती. उभी राहिली होती, मोठी झाली होती. मी जागी राहिले, मी तिचं सगळं जपलं, आणि ती गेली ती या घोरणाऱ्या माणसाकडे.

मी म्हटलं, "त्या दिवशी घरी आल्यावर तू झोपलास."

"हो."

"मी अंधार होईपर्यंत बसले होते."

"मला माहीत आहे," तो म्हणाला. "मध्ये मध्ये दिसत होतीस. कोट घालून. मला उठायचं होतं. उठताच येत नव्हतं."

पलंगावर पडलेल्या मास्कमधून हवा फसफसत होती. दोघांपैकी कुणीच मशीन बंद केलं नाही. त्यानं शर्टाच्या बाहीनं तोंड पुसलं आणि खाली पाहत विचारलं, "तू काही म्हणायचीस का तिला? मी कॉफी घेऊन यायचो तेव्हा तुझा हात आत असायचा. वाटायचं, काहीतरी बोलत असशील."

इतके दिवस त्याला हे माहीत होतं आणि त्यानं विचारलं नव्हतं. मलाही वाटलं नव्हतं की तो कधी विचारेल. नाही म्हणणं सोपं होतं. जून जवळ आला होता.

मी म्हटलं, "आडवा हो."

तो आडवा झाला. मी मास्क उचलला, त्याच्या नाकावर बसवला, पट्ट्या डोक्यामागून घेतल्या, गालांवर सारख्या केल्या. हे मी रोज करत होते. या वेळी पाहवत नव्हतं तरी पाहिलं. मग खाली वाकले, दोन्ही हातांचा आडोसा त्याच्या कानाभोवती धरला आणि बाळाच्या कानात आत्या करते तसं आधी "कुर्र" केलं. हे काम माझं नव्हतं. ज्याच्या कानात सांगायचं तो कानही हा नव्हता. पण दुसरा कुठला उरला नव्हता.

मी म्हटलं, "उत्पला."

मोठ्यानं उच्चारलेलं ते नाव मीही पहिल्यांदाच ऐकत होते. विनयनं डोळे मिटले. मास्कमुळे त्याला नीट बोलता येत नव्हतं, पण ओठ हलताना मला दिसले. तीनदा हलले.

त्याची भीती त्या दिवसापासून थांबली, असं मी म्हणणार नाही. आधी कमी झाली, मग आठवड्यातून एखाददा यायची. स्वप्न मात्र राहिलं, आणि मी न उठवताही त्याला ते आठवायला लागलं. क्लिनिकनं पुन्हा तपासलं आणि त्याला गाडी चालवायची परवानगी दिली. ज्या दिवसाची मी वाट पाहत होते तो दिवस आला, तेव्हा मी नागपूरला सरांना फोन केला आणि यंदा जमणार नाही म्हणून सांगितलं. कारण विचारलं तर घरचं आहे म्हटलं. विनयला सांगितलं, "तिकीट कॅन्सल केलंय." तो या वेळीही "बरं" एवढंच म्हणाला, पण हातातली ताटली त्याला खाली ठेवावी लागली.

त्याला माफ केलं म्हणून मी राहिले, असं वाटेल. तसं नाही. मला ती अजून एकदाही दिसलेली नाही. माझी झोप चांगली आहे, श्वास कुठं अडत नाही, डोळेही बहुधा नियमानं फिरत असतील. मला हॉस्पिटलचे जिने दिसतात, कधी नागपूरची प्रयोगशाळा, कधी माझी आई. ती येत नाही. ती जाते त्याच्या स्वप्नात आणि मला तिची बातमी फक्त या एका माणसाकडून कळते.

सकाळी आता तो गाडी चालवतो आणि मी शेजारी बसते. गाडी कंपनीपाशी माझ्या हातात देऊन तो उतरतो. जाताना गाडी मोठ्या रस्त्याला लागेपर्यंत मी थांबते, मग विचारते.

"आज?"

कधी तो मान हलवतो, नाही. मग आम्ही रेडिओ लावतो. परवा म्हणाला, आली होती.

"दार?"

"उघडं होतं. हाक मारली तर वळून पाहिलं तिनं."

"मग?"

"मग काही नाही. खेळत होती."

पुढे तोच चौक होता, सिग्नल लाल. विनयनं गाडी थांबवली. मी विचारलं, "अंगात काय होतं तिच्या? कुठला रंग?"

तो आठवायला लागला. समोर पाहत होता, दोन्ही हात स्टिअरिंगवर. आठवत नव्हतं आणि ते मला सांगायची हिंमत होत नव्हती, हे त्याच्या जबड्यावरून कळत होतं. सिग्नल हिरवा झाला. पुढच्या गाड्या गेल्या. मागच्यानं थोडी वाट पाहिली आणि हॉर्न दिला, मग त्याच्या मागच्यानं.

विनय जागा होता. मी त्याला हलवलं नाही.